हळू आवाजाची कारकीर्द



आज गाणं होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पेटी-तबला मागवलेला नाही आणि मला गाता येत नाही. बोलायचं आहे ते अरुण दाते या गायकाविषयी. त्यांच्याकडे जाण्याआधी मात्र तुम्हाला थोडा वेळ क्यूबाला नेणार आहे. कल्याणजवळच्या या खडवलीहून क्यूबा जरा लांब पडतं, पण दाते यांनी नेमकं काय केलं ते तिथून जास्त स्वच्छ दिसतं.

क्यूबाच्या पूर्वेला सांतियागो नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे पेपे सांचेस नावाचा एक शिंपी होता. संगीताचं शास्त्र तो कुठे शिकला नव्हता. दिवसा कपडे बेतायचे आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसायचं, असा त्याचा क्रम. १८८३च्या सुमारास त्याने 'त्रिस्तेसास' नावाचं गाणं केलं आणि क्यूबातला बोलेरो तिथून सुरू झाला असं मानतात. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना बोलेरो म्हटलं की रावेल आठवेल. त्याची १९२८ची प्रसिद्ध रचना स्पेनमधल्या जुन्या नाचाच्या बोलेरोशी नातं सांगते. क्यूबाचा बोलेरो वेगळा. चाल संथ, साथीला दोन गिटारी, आणि सगळं गाणं एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसाला उद्देशून म्हटलेलं. त्यात प्रेम असतं, विरह असतो, तक्रार असते, कधी कधी चक्क शिव्याशापही असतात. हे गाणं मेक्सिकोला गेलं, तबकडीवर चढलं, रेडिओवर आलं आणि स्पॅनिश बोलणाऱ्या निम्म्या जगाचं प्रेमगीत होऊन बसलं. १९४०च्या दशकात हवानातल्या एका बोळात, आंखेल दियास या गायकाच्या घरी, काही तरुण जमू लागले. त्यांनी बोलेरोचा आवाज आणखी खाली आणला. बोलल्यासारखं गायचं, शब्द तालाच्या जरा मागे रेंगाळू द्यायचा. ओमारा पोर्तुओंदो ही गायिका त्यांच्यातलीच.

या परंपरेतल्या एका गायकाची हकीकत सांगतो. इब्राहिम फेरेर, जन्म १९२७. बाराव्या वर्षी पोरका झाला आणि गाण्यावर जगू लागला. हौस बोलेरोची, पण तुझा आवाज त्या गाण्याचा नाही असं त्याला ऐकवलं जाई. त्याच्या वाट्याला आली ती नाचाची, ठेक्याची गाणी. म्हातारपणी तो हवानात लोकांच्या बुटांना पॉलिश करून पेन्शनीला जोड मिळवत होता. १९९६ साली 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणीतरी त्याला शोधून काढलं आणि त्याला बोलेरो गायला मिळाला. २००० साली लॅटिन ग्रॅमीचं नवोदित कलाकाराचं पारितोषिक त्याला मिळालं तेव्हा हा नवोदित सत्तरी ओलांडून गेला होता! हळू आवाजातल्या प्रेमगीताला गाणाऱ्याकडून एक वेगळीच लायकी लागते आणि ती पुष्कळदा उशिरा ओळखली जाते, एवढ्यासाठी फेरेर सांगितला.

मराठीत याच्या सर्वांत जवळ येतं ते भावगीत. लावणीचा शृंगार मंचावरून दहाजणांना ऐकवायचा असतो. नाट्यगीत पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत फेकायचं असतं. भावगीतात बोलणारा एक आणि ऐकणारा एक. आणि हा प्रकारही तबकडीने आणि मायक्रोफोनने घडवला. सव्वातीन मिनिटांत तबकडीची एक बाजू संपायची, तेवढ्यात कविता बसवायची. जी. एन. जोशी यांनी १९३२मध्ये ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायली, तिथून मराठी भावगीताची सुरुवात धरतात. कवी मेहकरचा, गायक वकिलीचं शिक्षण घेतलेला. पुढे जोशी एचएमव्ही कंपनीत गेले आणि इतरांच्या तबकड्या काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्यानंतर बेळगावात जन्मलेले गजानन वाटवे. त्यांनी कविता गणेशोत्सवात आणली. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर माणसं दाटीने बसून कवितेच्या चाली ऐकत असत. आज याची कल्पना करायची तर रविवारी इथल्या भातसा नदीच्या काठावर सहलीला आलेली मंडळी काय वाजवतात ते आधी कानांतून पुसून टाकावं लागेल.

मग रेडिओ आला. केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांना चित्रपटगीतांचं वावडं. १९५२ नंतर आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. केसकरांची ती हेकेखोरी होती यात मला शंका नाही. लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्याने ठरवू नये. पण रिकामी झालेली वेळ भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांत सुगम संगीताचे विभाग निघाले. तिथे पगारी संगीतकार, वादक, कवींकडून घेतलेली नवी गीतं अशी व्यवस्था लागली. सिनेमाच्या कथेशी संबंध नसलेलं, कोण्या नटाच्या ओठांवर न बसवलेलं गाणं करण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. मुंबई केंद्रावर संगीतकार यशवंत देव होते. 'भावसरगम' हा कार्यक्रम याच व्यवस्थेतून आला. एका चुकीच्या निर्णयाची ही चांगली निपज आपण मान्य करायला हरकत नाही.

आता इंदूरला जाऊ. ४ मे १९३४ रोजी तिथे दाते जन्मले. कागदोपत्री अरविंद, घरात अरू, आणि रेडिओने त्यांना अरुण केलं ते कायमचं. वडील रामूभैया दाते. ते गायक नव्हते, वादक नव्हते, त्यांनी ग्रंथही लिहिले नाहीत. ते ऐकत असत. ऐकण्यात माणूस किती मोठा होऊ शकतो याचा त्या काळातला दाखला म्हणजे रामूभैया. पु. ल. देशपांडे यांनी त्यांच्यावर लिहिलं आहे, ते जरूर वाचा. मोठमोठे गवई इंदुरात आले की त्यांच्या घरी बैठक होई. बेगम अख्तर यांचं त्या घराशी जवळचं नातं. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून १९४८च्या जानेवारीत देवासला राहायला आले. देवास इंदूरहून जेमतेम पस्तीस किलोमीटर. रामूभैया त्यांच्या जवळच्या माणसांपैकी, आणि छोट्या अरूला गाण्याची पहिली समज मिळाली ती कुमारांकडून. पुढे मुंबईत के. महावीर यांच्याकडे उर्दू गझलेची तालीम झाली.

म्हणजे पाहा, या मुलाच्या कानावर घरात मराठी, बाहेर माळव्याची हिंदी आणि बैठकीत उर्दू. इंदूरचं मराठी पुण्याच्या मराठीहून निराळं, हे इंदूरकर आणि पुणेकर दोघेही आनंदाने सांगतात. इंदूर आकाशवाणी १९५५ साली सुरू झाली आणि त्याच वर्षापासून दाते रेडिओवर गाऊ लागले. गात होते ते गझल. मराठी गाण्यांचा विचारही नव्हता.

पोटापाण्याचा मार्ग वेगळा होता. दाते शिकले वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी शास्त्र आणि आयुष्याची पुष्कळ वर्षं त्यांनी कापड धंद्यात नोकरी केली. आपल्या लायनीवर हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. शहाडचं सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याचं नॅशनल रेयॉन यांच्या भोंग्यांवर एकेकाळी घड्याळं लावलेली घरं कल्याणपासून इथपर्यंत आहेत. धागा तुटला तर काय होतं, पाळी बदलते तेव्हा शरीराचं काय होतं, हे जाणणारी माणसं समोर बसली आहेत. या जगात वावरणारा माणूस सुटीच्या दिवशी जाऊन प्रेमगीत गातो, तेव्हा त्या गाण्यात नायकाचा तोरा येत नाही. दाते यांच्या आवाजात जो एक सभ्य, नोकरदार, घरी वेळेवर परतणारा माणूस ऐकू येतो, त्याचं एक मूळ मी इथे शोधतो. गाण्यावर पोट नसल्यामुळे त्यांना कोणतंही गाणं गावं लागलं नाही. फेरेरला ही चैन परवडली नाही. शेवटी दोघेही एकाच जातीच्या गाण्यापाशी पोचले, पण एकाला त्यासाठी सत्तरी गाठावी लागली आणि दुसऱ्याला अठ्ठाविसाव्या वर्षीच ते मिळालं.

ते साल १९६२. संगीतकार श्रीनिवास खळे यांनी दाते यांची गझल ऐकली होती आणि कवी मंगेश पाडगावकर यांच्या एका युगुलगीतासाठी त्यांना हाच आवाज हवा होता. दाते तयार होईनात. आपलं मराठी इंदूरचं, उच्चारांवर हिंदी-उर्दूची छाया, महाराष्ट्रातले लोक काय म्हणतील, ही त्यांची धास्ती. ते स्वतःच पुढे हे हसत सांगत. खळे यांनी पिच्छा सोडला नाही. दुसरा आवाज ठरला सुधा मल्होत्रा यांचा. गाणं झालं ते 'शुक्रतारा मंद वारा'.

या गाण्याचे चार कर्ते एका ओळीत उभे करून बघा. कवी वेंगुर्ल्याचा. संगीतकार मुंबईत जन्मलेला पण बडोद्यात वाढलेला. गायक इंदूरचा. गायिका दिल्लीत जन्मलेली, मातृभाषा हिंदी-पंजाबीकडची, आणि हिंदी सिनेमात नाव केलेली. १९५९च्या 'दीदी' चित्रपटातल्या एका गाण्याला त्यांनी स्वतः चालही दिली होती. मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांतलं सर्वांत लाडकं प्रेमगीत ज्यांनी केलं, त्यांच्यात सदाशिव पेठेचं कोणी नाही. मराठीचं काळीज मराठीच्या कडेला धडधडतं असं एखादा अलंकारिक वक्ता म्हणेल. मी एवढंच म्हणतो की कडेच्या माणसाला भाषा गृहीत धरता येत नाही. दाते प्रत्येक शब्द तपासून उच्चारतात, कारण त्यांना चुकण्याची भीती आहे. मुंबई-पुण्याचा गवई जो 'च' किंवा 'ळ' घाईत गिळून टाकेल तो दाते पूर्ण म्हणतात. ती भीती त्यांची शैली झाली.

आणि गझलेची तालीम. गझल गाणाऱ्याला एक सवय असते: मिसरा, म्हणजे ओळ, संपताना तो श्रोत्याकडे बघतो. शब्द पोचला की नाही याची खात्री करून मगच पुढे जातो. दाते यांच्या मराठी गाण्यात ओळीच्या शेवटी ती किंचित वाट पाहणारी जागा आहे. खळे यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला अवघड, हे त्यांची गाणी म्हणायला बसलेला कोणीही सांगेल. स्वर कुठून कुठे गेला ते कळू न देता नेतात. अशा चालीत गायकाने आपली करामत दाखवली की चाल उघडी पडते. दाते काही दाखवत नाहीत. आवाजाची जात थोडी घोगरी, धुक्यासारखी, वरच्या पट्टीत जायला नाखूश. हे त्यांचं वैगुण्य होतं. त्यांनी आणि त्यांच्या संगीतकारांनी त्या वैगुण्यातच घर बांधलं.

यशवंत देव यांनी 'शब्दप्रधान गायकी' नावाचं पुस्तक लिहिलं. सुगम संगीत गाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ते असायला हवं. स्वर शब्दाच्या सेवेला कसे लावायचे, श्वास कुठे घ्यायचा, अर्थ तुटू न देता ओळ कशी तोडायची, याचा तो विचार आहे. या विचाराला स्वतःचा आवाज मिळाला तो दाते यांच्या गळ्यात. पाडगावकर, देव आणि दाते हे त्रिकूट जमलं आणि 'भातुकलीच्या खेळामधली', 'या जन्मावर, या जगण्यावर' अशी गाणी आली. पाडगावकर त्या काळात विंदा करंदीकर आणि वसंत बापट यांच्याबरोबर गावोगाव काव्यवाचनं करत हिंडत होते. तिकीट काढून कविता ऐकायला येणारा श्रोता असा तयार झाला होता. दाते यांना तो आयता मिळाला, हे विसरू नये. गायकाच्या मोठेपणात श्रोत्यांचा वाटा मोजायची आपल्याकडे रीत नाही. रामूभैयांच्या मुलाबद्दल बोलताना तरी ती पाडू.

मग मंचाचा काळ. 'शुक्रतारा' याच नावाने दाते यांनी भावगीतांचे कार्यक्रम सुरू केले आणि त्यांचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. रेडिओवर एकट्याने ऐकायचं गाणं भरल्या नाट्यगृहात न्यायचं, यात एक पेच होता. बोलेरोच्या गायकांपुढेही तो होता. खाजगी गोष्ट हजार माणसांना कशी सांगायची? काही बोलेरो गायिकांनी त्यावर नाट्याचा उपाय केला. ओल्गा गियोत हुंदका, किंकाळी, हातवारे यांतून गाणं सोसायची, आणि मेक्सिकोपासून मायामीपर्यंत लोक त्यासाठीच गर्दी करायचे. दाते यांनी उलटी वाट धरली. मंचावर हालचाल नाही, आवाज तसाच खाली, दोन गाण्यांमध्ये कवी आणि संगीतकारांच्या आठवणी. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर त्यांनी गप्पांनी मिटवलं. कवीचं नाव घेतल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही हा त्यांचा शिरस्ता आज किती गायक पाळतात ते तुम्हीच आठवून पाहा. २०१० साली गजाननराव वाटवे यांच्या नावाचा पहिला पुरस्कार दाते यांना मिळाला. रस्त्यावर कविता गाणाऱ्या माणसाच्या नावाचा मान नाट्यगृहात ती कुजबुजत म्हणणाऱ्याला, हे मला योग्य वाटतं.

इथपर्यंत कौतुक झालं. आता एक आक्षेप, आणि तो कल्याणच्या इतक्या जवळ बोलताना टाळणं बरं नाही.

दाते यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठा असा एक गायक आपल्या कल्याणात राहिला आणि २००४ साली तिथेच वारला. प्रल्हाद शिंदे. जन्म १९३३चा, सोलापूर जिल्ह्यातला. आईवडील गात गात पोट भरणारे. कव्वाली, भक्तिगीत, भीमगीत या तिन्हींत त्यांनी जे केलं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक जत्रेत, प्रत्येक जयंतीत आजही वाजतं. 'पाऊले चालती पंढरीची वाट' माहीत नाही असं गाव दाखवा. शिंदे आणि दाते समकालीन, दोघेही तबकडी आणि कॅसेटच्या काळात वाढलेले, दोघांच्या नावावर लोकांच्या तोंडी असलेली गाणी. पण सुगम संगीताच्या इतिहासात एकाला प्रकरण मिळतं आणि दुसऱ्याला 'लोकगायक' अशी पाटी लावून वेगळ्या खोलीत बसवलं जातं.

क्यूबाचा शिंपी मला इथे पुन्हा हवा आहे. तिथलं प्रेमगीत शिंपी, न्हावी, रंगारी अशा कष्टकऱ्यांनी रचलं आणि नंतर ते बैठकीच्या खोल्यांत शिरलं. आपलं भावगीत कवितासंग्रहातून निघालं, आकाशवाणीच्या चाचणी समितीपुढे उभं राहिलं आणि मग खाली उतरायचं तितकं उतरलं. त्यामुळे त्यातलं प्रेम फार नीटनेटकं आहे. चंद्र आहे, वारा आहे, भाडं थकलेलं नाही. विरह आहे, पण गिरणी बंद पडल्यामुळे गावी परतलेल्या माणसाचा विरह नाही. ज्या माणसाने पुष्कळ वर्षं कापड धंद्यात काम केलं, त्याच्या गाण्यात एकही माग ऐकू येत नाही! हा दोष दाते यांचा म्हणता येणार नाही. त्यांनी मिळालेलं गीत गायलं. पण जो आवाज नोकरदार माणसाचा होता, त्याला कवींनी नोकरदार माणसाचं जगणं गायला दिलं नाही, असं मला वाटतं. 'या जन्मावर'सारखं गाणं त्या बाजूला थोडं झुकतं, जगण्याबद्दल बोलतं, आणि म्हणूनच कदाचित ते इस्पितळांपासून शाळांपर्यंत सगळीकडे गायलं जातं. या तालुक्यात आगरी लग्नांत धवलारीण बायका रात्रभर गातात. त्यांच्या गाण्यात हुंडा, सासर, शेत, दारू सगळं येतं. त्या गाण्यांची आणि भावगीताची गाठ कोणी घालून दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही. बोलेरोत ती गाठ पडली.

आक्षेप नोंदवून झाला, तरी दाते यांचं गाणं मला लहान वाटत नाही. छोट्या जागेत, खालच्या स्वरात, एकाच माणसाशी खरं बोलणं हे काम प्रचंड अवघड आहे. खळे २०११ साली गेले, पाडगावकर २०१५च्या डिसेंबरात. दाते ६ मे २०१८ रोजी मुंबईत गेले, चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण करून दोनच दिवस झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंत देवही गेले. २०२३च्या डिसेंबरात क्यूबा आणि मेक्सिको यांनी मिळून बोलेरोला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नेलं. भावगीताचा तसा अर्ज कोणी केलेला माझ्या ऐकिवात नाही आणि त्याची मला फार खंतही नाही. यादीत जाऊन गाणी जगत नाहीत.

माझी मागणी त्याहून लहान आहे आणि ती इथेच पुरी होण्यासारखी आहे. बदलापूर, डोंबिवली, ठाणे, सगळीकडे सुगम संगीताच्या स्पर्धा होतात. त्यांत 'शुक्रतारा' हमखास असतं. मुलं तयारीची असतात, गळा दाते यांच्याहून फिरता असतो, आणि प्रत्येक ओळीला ती दोन हरकती आणि एक मुरकी चिकटवून देतात, कारण गुण त्यालाच मिळतात. समोरच्या माणसाशी बोलायचं राहूनच जातं. परीक्षक म्हणून ज्यांना बोलावणं येतं असे दोघे-तिघे आज या सभागृहात आहेत. त्यांनी गुणपत्रिकेतला हरकतींचा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी उच्चारांचा घालावा.